पोपडे सुटणाऱ्या भिंतीसाठी पारदर्शक पेनिट्रेटिंग प्रायमर: वापरानंतरचा अभिप्राय

घरातल्या गिलाव्याच्या भिंतीवरील रंगाचे पोपडे सुटू लागले की बहुतेकांच्या मनात पुट्टी आणि रंग या दोनच वस्तू येतात. सुटलेला भाग खरवडून काढायचा, खड्डा पुट्टीने भरायचा आणि वरून रंगाचे दोन हात द्यायचे, एवढ्यावर दुरुस्ती संपली असे मानले जाते. पुढे त्याच ठिगळाच्या कडेने नवा पोपडा उचलू लागतो, तेव्हा दोष पुट्टीला किंवा रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात या दोहोंच्या खाली एक तिसरी वस्तू लागते. भिंतीच्या भुसभुशीत पृष्ठभागात मुरून त्याला आतून बांधणारा, पाण्यावर आधारलेला पारदर्शक पेनिट्रेटिंग प्रायमर ही ती वस्तू होय. एका खोलीच्या आतील भिंतींवर खरवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंतचे काम करताना मी तो वापरला आणि त्यानंतर दमट हवेचा काळही त्या भिंतींवरून गेला, म्हणून आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. अशा प्रकारचा प्रायमर अनेक उत्पादक बनवतात आणि त्याची मूळ घडण सारखीच असते. त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या छापाविषयी नसून या प्रकाराविषयी आहे असे समजावे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. भिंत कोरडी असेल, गिलावा आतून मजबूत असेल आणि फक्त वरचा थर हाताला पांढरा लागत असेल, तर या प्रायमरइतका उपयुक्त दुसरा माल मी पाहिलेला नाही. भिंतीत ओल असेल तर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि क्षार फुटलेल्या जागी तो दुखणे वाढवूही शकतो. डब्यावर हा फरक ठळकपणे सांगितलेला नसतो आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

तो नेमके काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याची पारख होत नाही. नेहमीच्या पांढऱ्या प्रायमरमध्ये राळेबरोबर (राळ म्हणजे कणांना धरून ठेवणारा चिकट घटक, रेझिन) रंगद्रव्य आणि खडूसारखी भरणद्रव्ये असतात. हे घन कण भिंतीच्या छिद्रांत फारसे शिरत नाहीत, पृष्ठभागावरच बसतात. खालचा थर पक्का असेल तर त्यात काही वावगे नाही, उलट तेच हवे असते. परंतु खालचा थर भुकटीचा असेल तर हा नवा पापुद्रा त्या भुकटीवर नुसता टेकून राहतो आणि पहिल्या संधीला भुकटीसकट सुटतो. पारदर्शक प्रायमरमध्ये रंगद्रव्य नसते. त्यात ॲक्रिलिक राळेचे अतिशय बारीक कण पाण्यात विखुरलेले असतात. भिंत पाणी शोषून घेते तेव्हा पाण्याबरोबर हे कणही आत ओढले जातात, पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांत मिसळतात आणि वाळूचे, चुन्याचे, जुन्या डिस्टेंपरचे (खडूच्या भुकटीच्या पाणरंगाचे) सुटे कण एकमेकांना व खालच्या गिलाव्याला चिकटवून टाकतात. ही बांधणी पृष्ठभागापासून थोड्याच खोलीपर्यंत होते. डब्यावर ‘खोलवर’ हा शब्द असला तरी पोकळ झालेला गिलावा त्यामुळे पुन्हा विटेला चिकटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हा प्रायमर आपल्या भिंतीला लागू पडेल की नाही, हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुटलेला पोपडा हातात घेऊन तो उलटा करून पाहणे. रंगकाम करणारे अनुभवी कारागीर हे सहज करतात, पण घरमालक बहुधा तो पोपडा झाडून केरात टाकतात. पोपड्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर बोट पांढरे झाले, तर खाली जुने डिस्टेंपर, चुन्याची सफेदी किंवा जीव गेलेली पुट्टी आहे असे समजावे. या प्रायमरचे खरे क्षेत्र हेच. पाठ गुळगुळीत असेल आणि भिंतीवर उघडा पडलेला भागही तुकतुकीत असेल, तर जुन्या ऑइल पेंटवर तो न घासता इमल्शन (पाण्यावर आधारलेला प्लास्टिक रंग) मारलेले आहे; अशा पृष्ठभागाला छिद्रेच नसल्याने मुरण्यासाठी जागा नाही. तेथे पॉलिश पेपरने चकाकी मोडून घट्ट पकड देणारा वेगळा प्रायमर लावावा लागतो. पोपड्याबरोबर एक-दोन मिलिमीटर जाडीची पुट्टी अखंड निघून आली असेल, तर ती धुळीवर भरली गेली होती किंवा सिमेंटची पुट्टी पक्की होण्याआधीच तहानलेल्या भिंतीने तिच्यातील पाणी ओढून घेतले होते. पाठीला वाळू चिकटून आली असेल तर प्रश्न रंगाचा राहत नाही, तो गिलाव्याचा होतो. तेथे बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर तेवढा गिलावा फोडून नव्याने करण्याला पर्याय नाही.

माझ्या भिंतीवर दोन वेगळे नमुने एकाच वेळी होते, त्यांतला एक वरच्या यादीबाहेरचा. मोठ्या भागावर इमल्शनच्या खाली जुने डिस्टेंपर होते आणि पोपड्याची पाठ खडूच्या फळ्यावरून हात फिरवल्यासारखी बोटाला लागत होती. खिडकीच्या चौकटीखालच्या पट्ट्यात मात्र पोपड्यामागे कापसासारखे मऊ, पांढरे स्फटिक दिसत होते. हे डिस्टेंपर नव्हे, हा लोणा. बाहेरून किंवा जमिनीतून येणारे पाणी विटेतील आणि सिमेंटमधील क्षार विरघळवते, ते घेऊन भिंतीच्या आतील बाजूस येते आणि तेथे उडून जाते. मागे राहिलेले क्षार रंगाच्या पापुद्र्याखाली स्फटिकरूपाने वाढतात आणि त्या वाढीच्या दाबाने रंग उचलतात. अशा जागी राळेचा प्रायमर लावला तर पृष्ठभागाची छिद्रे काही अंशी बुजतात आणि तेच स्फटिक आता बांधलेल्या थराच्या मागे वाढू लागतात, म्हणजे पुढच्या वेळी पोपड्याबरोबर गिलाव्याची खपलीही निघते. म्हणून तो पट्टा या कामातून पूर्णपणे वगळला, चौकटीच्या बाहेरील फटीची दुरुस्ती आधी करून घेतली आणि वाढलेले क्षार कोरड्या ब्रशने पुन्हा पुन्हा झाडून काढले. क्षार पाण्याने धुण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास ते विरघळून परत भिंतीत जातात.

ओलीची परीक्षा सर्वांनीच करावी, भिंत हाताला कोरडी लागत असली तरीही. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, रंग खरवडलेल्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि किमान १६ तास, शक्य तर संपूर्ण दिवस, तसाच राहू द्यावा. भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब किंवा बाष्प दिसले अथवा त्याखालील गिलावा काळवंडला, तर ओल भिंतीच्या आतून येत आहे. बाष्प खोलीकडील बाजूस असेल तर भिंत थंड आहे आणि खोलीतील दमट हवेचे पाणी तिच्यावर जमते आहे. तेथे हवा खेळती ठेवणे हाच उपाय असतो. या साध्या परीक्षेने जितके नुकसान टळते तितके कोणत्याही महागड्या मालाने टळत नाही, असे माझे ठाम मत आहे. गळती बंद केल्यानंतरही भिंत लगेच वाळत नाही. साधारण १५ मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याला चांगल्या हवेतही काही आठवडे द्यावे लागतात, आणि मागची वीट भिजलेली असेल तर त्याहून बरेच अधिक. गिलावा नव्याने केलेला असेल तर किमान २८ दिवस थांबावे, कारण ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा तीव्र असतो. त्यावर तेलाचा रंग मारला तर त्यातील तेलाचा साबण होऊन थर चिकट आणि मऊ पडतो.

आता खरवडण्याविषयी, कारण प्रायमरचे यश अर्धेअधिक त्यावर अवलंबून असते. चार इंची पत्ती भिंतीशी निरुंद कोनात धरून पोपड्याच्या कडेखाली सरकवावी आणि रंग जेथे स्वतःहून थांबतो तेथे थांबावे. बरेच जण डोळ्यांना दिसणारा सुटा भाग काढून थांबतात. कडेने बोटभर रुंदीचा रंग चिकटल्यासारखा दिसतो, पण आतून सुटलेला असतो, आणि पुढील पोपडा तेथूनच सुरू होतो. पत्तीला जोर लावावा लागेल आणि रंग पापुद्र्याऐवजी चुरा होऊन निघू लागेल, तेव्हा पक्का रंग लागला असे समजावे. त्यानंतर ती कड ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उतरती करावी, म्हणजे जुन्या रंगाची पायरी हाताला जाणवणार नाही. जुने डिस्टेंपर कोमट पाणी आणि स्पंजाने पुसून जितके निघेल तितके काढून टाकलेच पाहिजे. ते पाण्यात विरघळणारे असते, आणि त्याचा जाड थर बांधण्याची ताकद कोणत्याही पारदर्शक प्रायमरमध्ये नाही. पुसल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी व मऊ ब्रशने धूळ झाडावी.

येथे एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. फार जुन्या घरांतील तेलाच्या रंगात शिसे असू शकते. आज अनेक देशांतील कायद्यांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केलेले आहे, परंतु भिंतीवरचे खालचे थर त्या कायद्यांच्या आधीचे असू शकतात. असा रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने तापवूही नये. पृष्ठभाग ओलसर ठेवून खरवडावा, मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकसह सगळा चुरा गुंडाळून उचलावा. शिसे नसले तरी गिलावा आणि पुट्टी घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातकच असते. नाकाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. बारीक कण गाळणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्कच वापरावा.

डबा उघडल्यावर दिसणारा द्रव दुधाळ, किंचित निळसर झाक असलेला आणि पाण्याइतका पातळ असतो. पहिल्यांदा वापरणाऱ्याला तो भेसळीचा वाटण्याची शक्यता आहे, कारण प्रायमर म्हणजे दाट आणि पांढरा अशी आपली समजूत असते. पण हा पातळपणा हाच त्याचा गुण आहे. वास सौम्य होता आणि खिडक्या उघड्या ठेवल्यावर त्याचा त्रास झाला नाही. लावण्यापूर्वी भिंतीवर थोडे पाणी शिंपडून पाहिले. जेथे पाणी क्षणात शोषले जाऊन गडद डाग पडला, तेथे प्रायमर उत्तम मुरला. जेथे पाण्याचा थेंब ओघळून गेला, तेथे जुना रंग शाबूत होता आणि प्रायमरची गरजच नव्हती. उत्पादकाने पाणी मिसळण्याची परवानगी दिली असेल, तर फार तहानलेल्या भागावर पहिला हात पातळ करून द्यावा. तो अधिक आत जातो.

लावण्यासाठी रोलर न घेता रुंद ब्रश घ्यावा. रोलरने इतका पातळ द्रव चहूकडे उडतो आणि भिंतीत दाबला जात नाही, तर ब्रशच्या केसांनी तो भुकटीत चोळला जातो. काम खालून वर केले तर ओघळ आधीच भिजलेल्या भागावर येतात आणि त्यांचे पट्टे उमटत नाहीत. ब्रश पहिल्यांदा टेकवल्यावर भिंत द्रव अक्षरशः ओढून घेते. पाहता पाहता ओला चकाकता डाग मंद होतो आणि गिलाव्याचा करडा रंग गडद होतो. तो मंदावणे थांबले, म्हणजे द्रव पृष्ठभागावर तसाच चमकत राहिला, की तेथे आणखी प्रायमर देऊ नये, उलट साचलेला द्रव कोरड्या ब्रशने पसरून काढावा. या एका गोष्टीवर या मालाचे सगळे भवितव्य ठरते. गरजेपेक्षा जास्त दिलेला प्रायमर वाळून काचेसारखा तुकतुकीत पापुद्रा बनतो, त्याच्यावर पुट्टी आणि रंग नीट धरत नाहीत, आणि पोपडे थांबवण्यासाठी आणलेली वस्तूच नव्या पोपड्यांचे कारण होते. वाळलेली भिंत तिरप्या उजेडात मंद आणि एकसारखी दिसली पाहिजे. कोठे चकाकी दिसलीच तर तेवढा भाग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून घ्यावा. डब्यावरील सूचनांत याविषयी एक ओळही नव्हती, आणि घरी स्वतः काम करणाऱ्या ग्राहकाला नेमकी हीच ओळ हवी असते.

शिंतोड्यांचा मुद्दाही दुर्लक्षू नये. खिडकीच्या काचेवर, फरशीवर किंवा लाकडी चौकटीवर उडालेला थेंब ओला असताना दिसत नाही आणि वाळल्यावर खरवडूनच काढावा लागतो. म्हणून ओले फडके हाताशी ठेवून थेंब लगेच पुसावेत. ब्रशही काम संपताच धुवावा, कारण राळ एकदा केसांत वाळली की पाण्याने निघत नाही.

परिणाम मोजण्यासाठी मी चिकटपट्टीचा आधार घेतला. प्रायमर लावण्यापूर्वी खरवडलेल्या, झाडलेल्या भिंतीवर पारदर्शक पट्टी दाबून झटक्यात ओढली, तेव्हा तिची चिकट बाजू पूर्ण पांढरी झाली आणि पट्टी पुन्हा कागदालाही चिकटेना. प्रायमर रात्रभर वाळल्यावर शेजारच्याच जागी तीच कृती केली, तेव्हा पट्टीवर वाळूचे तुरळक कण आले आणि ती जवळपास स्वच्छ राहिली. ज्या थोड्या जागी ती अजूनही पांढरी झाली, तेथे डिस्टेंपरचा थर पुसताना राहून गेलेला होता. तो काढून दुसरा हात दिल्यावर तेथील भुकटीही थांबली. नेहमीच्या पांढऱ्या प्रायमरचा एक पट्टा मी तुलनेसाठी मुद्दाम त्याच भिंतीच्या खालच्या भागात, तसल्याच भुकटीवर मारला होता. तो दिसायला अधिक भरीव आणि सुंदर होता, पण पट्टी ओढताच पापुद्रा तिच्यासह उचलला गेला आणि त्याच्या पाठीवर तीच पांढरी भुकटी होती. रंगाच्या चिकटपणाची रीतसर परीक्षा याच तत्त्वावर चालते. आयएसओ २४०९ या मानकात रंगाच्या थरावर आडवे-उभे सहा-सहा छेद देऊन सुटलेल्या भागावरून शून्य ते पाच अशी श्रेणी ठरवतात आणि शून्य सर्वोत्तम असते. घरी एवढी काटेकोर मांडणी लागत नाही, पण शेवटचा रंग पूर्ण पक्का झाल्यावर कपाटामागील एखाद्या कोपऱ्यात फुलीच्या आकाराचा छेद देऊन पट्टी ओढून पाहायला हरकत नाही.

या प्रायमरऐवजी जे सोपे मार्ग सुचवले जातात, त्यांतील दोन फार प्रचलित आहेत. पहिला म्हणजे पांढरा लाकडी कामाचा गोंद पाण्यात पातळ करून भिंतीला लावणे. हा गोंद बहुधा पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा) असतो. तो सुरुवातीला घट्ट वाटतो, पण ओलावा लागताच पुन्हा मऊ होतो आणि सिमेंटच्या अल्कलीपुढे टिकत नाही. वरून दिलेल्या रंगातील पाण्यानेही तो सैल पडू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीच्या रंगातच भरपूर पाणी घालून पहिला हात देणे. पक्क्या, नव्या, फक्त शोषक असलेल्या गिलाव्यावर ही रीत योग्य आहे. भुकटीच्या भिंतीवर मात्र रंगातील राळ स्वतःच्या रंगद्रव्याला धरून ठेवण्यातच खर्ची पडते, आणि पाणी घालून ती आणखी विरळ केलेली असते. बाजारात सॉल्व्हंटवर, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रासायनिक द्रावकावर आधारलेले सीलिंग (पृष्ठभाग बंद करणारे) प्रायमरही मिळतात. ते खडूसारख्या पृष्ठभागात चांगले मुरतात आणि एका बाबतीत पाण्याच्या प्रायमरपेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहेत: जुन्या गळतीचे पिवळट-तपकिरी डाग ते अडवतात. मी वापरलेल्या प्रायमरने ते अडवले नाहीत. छताजवळच्या कोपऱ्यात, भिंत पूर्ण कोरडी असूनही, रंगाच्या दुसऱ्या हातातून डागाची कड परत उमटली आणि तेवढ्या भागावर डाग अडवणारा वेगळा प्रायमर द्यावा लागला. सॉल्व्हंटच्या मालाचा वास तीव्र असतो, तो पेट घेणारा असतो आणि बंद खोलीत त्याची वाफ घातक ठरते, म्हणून सबंध भिंतीसाठी मी तो निवडणार नाही. डागापुरता जरूर निवडेन.

चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंती असलेल्यांनी हा ॲक्रिलिक प्रायमर घेण्यापूर्वी थांबून विचार करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. अशा भिंती ओलावा घेतात आणि सोडतात; त्यांचे आयुष्य या देवघेवीवर अवलंबून असते. राळेच्या थरामुळे बाष्प बाहेर पडण्याची वाट कमी-अधिक प्रमाणात अडते. रंगाच्या थराचा बाष्पाला होणारा विरोध तेवढाच विरोध करणाऱ्या हवेच्या थराच्या जाडीत सांगतात, ०.१४ मीटरपेक्षा कमी असेल तर थर मोकळा आणि १.४ मीटरपेक्षा जास्त असेल तर बंदिस्त मानला जातो. उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात हा आकडा असेल तर तो पाहूनच निर्णय घ्यावा. चुन्याच्या भिंतीसाठी पोटॅशियम सिलिकेटचा प्रायमर अधिक योग्य असतो, कारण तो चुन्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो आणि भिंतीची छिद्रे मोकळी राहतात. उलट जिप्समच्या गिलाव्यावर सिलिकेट नीट धरत नाही आणि तेथे ॲक्रिलिकच घ्यावा. ‘सर्व प्रकारच्या भिंतींसाठी’ असे डब्यावर छापलेले होते. हे विधान इतके सरसकट करता येत नाही.

प्रायमरनंतरची पुट्टी ही वेगळ्या लेखाची गोष्ट आहे, तरी जोडीला काय घ्यावे एवढे सांगणे आवश्यक आहे. सिमेंटवर आधारलेली भुकटीची पुट्टी पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन पक्की होते, त्यामुळे ती दमटपणा अधिक सहन करते. तयार ॲक्रिलिक पुट्टी फक्त पाणी उडून वाळते, म्हणून ती आकसते आणि जाड भरल्यास तिला भेगा पडतात. जिप्समची भरणी फारशी आकसत नाही आणि लवकर बसते, परंतु ओलीत मऊ होते. कोणतीही निवडली तरी एका हातात एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये, आणि जुन्या रंगाच्या कडेपलीकडे तो हळूहळू पातळ करत न्यावा. पुट्टी १८० आणि मग २२० नंबरने घासल्यावर, फक्त त्या ठिगळांवर पुन्हा प्रायमरचा एक हलका हात द्यावा. हा टप्पा गाळला तर ठिगळ रंगातील पाणी अधिक वेगाने ओढते आणि रंग एकच असूनही त्याची छटा व चमक वेगळी दिसते. दुपारच्या तिरप्या उजेडात भिंतीवर नकाशे उमटतात. या कामासाठीही हा प्रायमर उत्तम ठरला, आणि हा उपयोग डब्यावर कोठेच लिहिलेला नव्हता.

मालाविषयी उरलेल्या तक्रारी लहान आहेत, पण नोंदवण्याजोग्या आहेत. एका लिटरमध्ये किती भिंत होते याचा दिलेला आकडा गुळगुळीत, कमी शोषणाऱ्या पृष्ठभागाचा असतो. तहानलेल्या गिलाव्यावर मला त्याच्या जेमतेम निम्मेच क्षेत्र मिळाले, त्यामुळे खरेदी करताना तेवढा हिशेब धरावा. दोन हातांमध्ये चार तासांचे अंतर पुरेसे असल्याचे लिहिले होते, परंतु दमट हवेत एवढ्या वेळात भिंत वरून वाळते आणि आतून थंड, ओलसर राहते. तेथे रात्रभर थांबावे. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर राळेचे कण नीट एकजीव होत नाहीत आणि बांधणी कच्ची राहते, ही सूचना डब्यावर होती, पण ती इतक्या बारीक अक्षरांत होती की शोधावी लागली.

दमट काळ सरल्यानंतर मी भिंत पुन्हा तपासली. डिस्टेंपर असलेल्या मोठ्या भागावर एकाही जागी कड उचललेली नाही, आणि हात दाबून फिरवला तरी पोकळ जागा लागत नाही. मुद्दाम मारलेल्या पांढऱ्या प्रायमरच्या पट्ट्यावर, रंग तोच आणि दोन्ही हात सारखेच असूनही, मध्यभागी नाण्याएवढा फुगा आलेला आहे. खिडकीखालचा वगळलेला पट्टा अजून उघडाच ठेवला आहे. बाहेरची फट बुजवल्यापासून तेथे नवे क्षार कमी येत आहेत, पण प्लास्टिकच्या तुकड्याखाली अजून पुसटसे बाष्प धरते, आणि ते थांबेपर्यंत तेथे कोणताही प्रायमर लावणार नाही.

घ्यायचाच असेल तर भिंतीचे क्षेत्र मोजून, लहान डबे घ्यावेत आणि घेताना उत्पादनाची तारीख पाहावी. पाणी मिसळलेला उरलेला द्रव मूळ डब्यात परत ओतू नये, त्याने शिल्लक माल नासतो. झाकण घट्ट लावून डबा सावलीत ठेवला तर पुढे पुट्टीच्या ठिगळांवर तो थोडा थोडा लागतच राहतो, मात्र वापरण्यापूर्वी ढवळून पाहावा आणि तळाशी गुठळ्या झालेल्या असतील किंवा आंबूस वास येत असेल तर तो भिंतीला लावू नये.